मेटल की प्लास्टिक? लॅपटॉपची बॉडी निवडताना आधी बिजागरी बघा

लॅपटॉप घ्यायला आलेला माणूस आधी प्रोसेसर विचारतो, मग रॅम विचारतो, आणि शेवटी झाकणावरून हात फिरवत म्हणतो, "ही फायबर बॉडी आहे का? मग नको. मेटलमध्ये दाखवा." मी पुण्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. माझ्या टेबलावर दोन्ही प्रकारची मशिनं रोज उघडलेली असतात. मेटल टिकतं आणि प्लास्टिक तुटतं, हा हिशेब मला फार ढोबळ वाटतो. लॅपटॉपची बॉडी सहसा मधोमध मोडत नाही, ती जोडावर मोडते. सगळ्यात जास्त ताण सोसणारा जोड म्हणजे स्क्रीनची बिजागरी, आमच्या भाषेत हिंज. म्हणून पहिला लॅपटॉप घेणाऱ्यांनी बॉडी कशी पारखावी, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

पायरी १ : आधी ए, बी, सी, डी ओळखा

बॉडी म्हणजे एक अखंड डबा नसतो, तिचे चार भाग असतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातला पासोड्या विठोबाचा परिसर, सुटे भाग विकणारे यांना एबीसीडी पॅनल म्हणतात. 'ए' म्हणजे लॅपटॉप बंद असताना दिसणारं वरचं झाकण, ज्यावर कंपनीचं चिन्ह असतं. 'बी' ही स्क्रीनभोवतीची चौकट. 'सी' म्हणजे कीबोर्ड आणि टचपॅड बसवलेला, मनगटं टेकतात तो भाग. 'डी' म्हणजे तळ.

जाहिरातीत 'मेटल बॉडी' म्हटलेलं असलं, तरी अनेकदा फक्त 'ए' धातूचा असतो आणि बाकी तिन्ही भाग प्लास्टिकचे असतात. 'मेटॅलिक फिनिश' किंवा 'सिल्व्हर' हे तर नुसते रंग आहेत. म्हणून दुकानदाराला थेट विचारा, "ए, सी आणि डी, तिन्ही मेटल आहेत का?" त्याला नक्की सांगता आलं नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा तपशिलाचा तक्ता उघडा. लेनोव्होच्या पीएसआरईएफ या संकेतस्थळावर मॉडेलच्या तपशिलात 'केस मटेरियल' अशी ओळ असते आणि वरचा भाग कशाचा, खालचा कशाचा, ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे 'पीसी-एबीएस' दिसलं तर ते प्लास्टिक समजा. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या दोन प्लास्टिकचं ते मिश्रण आहे.

हाताने ओळखायचं असेल तर एसी दुकानात तळवा टेकवा. अ‍ॅल्युमिनियम हातातली उष्णता पटकन ओढून घेतं, म्हणून गार लागतं. प्लास्टिक तसं लागत नाही. लोहचुंबक घेऊन जाण्यात अर्थ नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही त्याला चिकटत नाहीत. शिवाय झाकण बंद झालंय हे कळण्यासाठी लॅपटॉपमध्ये स्वतःचाच चुंबक असतो, त्यामुळे भलताच निष्कर्ष निघेल.

पायरी २ : धातू आणि प्लास्टिकचा स्वभाव समजून घ्या

ताठपणात अ‍ॅल्युमिनियम प्लास्टिकच्या फार पुढे आहे. त्याचा ताठपणा मोजला तर सुमारे ७० गिगापास्कल भरतो. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचा भरतो २ ते २.५ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ तीस पट फरक. म्हणूनच पातळ अ‍ॅल्युमिनियमचा लॅपटॉपही एका कोपऱ्याला धरून उचलला तर वाकत नाही, आणि प्लास्टिकचा असेल तर टाइप करताना कीबोर्डचा मधला भाग खाली दबल्यासारखा वाटतो. वजनाचं गणित मात्र उलटं आहे. एक घन सेंटिमीटर अ‍ॅल्युमिनियम २.७ ग्रॅम भरतं, पॉलिकार्बोनेट १.२ ग्रॅम आणि एबीएस त्याहूनही कमी.

पण ताठपणा वेगळा आणि मार सोसणं वेगळं. अ‍ॅल्युमिनियमवर घाव बसला की पोचा पडतो आणि तो कायम राहतो. पॉलिकार्बोनेट लवतं आणि परत जागेवर येतं. पाण्याचे वीस लिटरचे चांगल्या प्रतीचे जार याच प्लास्टिकचे असतात. टेंपोतून उतरवताना ते कसे आपटले जातात ते आपण रोज बघतो. पोलिसांच्या ढालीही याच्याच असतात. त्यामुळे प्लास्टिक म्हणजे कचकड्याचं, असं सरसकट म्हणणं चुकीचं आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये खरी अडचण असते ती पातळ भिंतींची आणि आत आधाराच्या पट्ट्या कमी दिलेल्या असण्याची.

धातूतही दोन प्रकार आहेत आणि हा फरक दुकानात कुणी सांगत नाही. एका प्रकारात जाड ठोकळा यंत्रावर कोरून बॉडी काढतात. अ‍ॅपलने ऑक्टोबर २००८ मध्ये मॅकबुकसाठी ही पद्धत आणली आणि तिला युनिबॉडी म्हटलं जातं. यात स्क्रूचे आटे थेट धातूत पाडता येतात. दुसऱ्या प्रकारात पातळ पत्रा दाबून आकार देतात आणि आतून प्लास्टिकची चौकट चिकटवतात. बाहेरून दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. पण दुसऱ्या प्रकारात बिजागरीचे स्क्रू ज्या भागात बसतात, तो भाग नुसता गोंदाने पत्र्याला धरलेला असू शकतो. असं झाकण धातूचं असूनही सुटतं. माझ्याकडे आलेल्या 'मेटल' लॅपटॉपांपैकी कितीतरींची तक्रार हीच होती.

मॅग्नेशियमबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्याला गिऱ्हाईक प्लास्टिक समजून बाजूला सारतं. मॅग्नेशियमचा मिश्रधातू अ‍ॅल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने हलका असतो. त्यावर बहुतेक वेळा रंग दिलेला असतो आणि नखाने वाजवलं तर आवाज प्लास्टिकसारखाच येतो. पॅनासॉनिकचे टफबुक १९९६ पासून बाजारात आहेत, त्यांची बॉडी याच धातूची. लेनोव्होच्या थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांमध्ये बाहेरून प्लास्टिक दिसतं, पण आत मॅग्नेशियमचा सांगाडा असतो. एलजी ग्रॅम हातात घेतला की खेळण्यासारखा हलका लागतो, तोही मॅग्नेशियममुळेच. २०१२ मध्ये आलेल्या थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये तर कार्बन फायबर, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं हलकं पण ताठ साहित्य वापरलं. तेव्हा हलकं लागलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, आधी तक्ता वाचा.

पायरी ३ : बिजागरी तपासा

गेल्या पावसाळ्यात सासवडहून एक काकू मुलाला घेऊन आल्या. मुलगा इंजिनिअरिंगला, लॅपटॉप घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती. काकू म्हणाल्या, "दादा, आपटला नाही, पडला नाही. नुसता उघडला आणि कट्टकन आवाज आला. हा म्हणतो मी काहीच केलं नाही. खरं सांगतोय का हो?"

पोरगा खरंच सांगत होता. मी तळ उघडला आणि काकूंना दाखवलं. डाव्या बिजागरीची लोखंडी पट्टी जागेवरून उचलली गेली होती. तिच्या तिन्ही स्क्रूंना मुगाच्या दाण्याएवढे पितळी नट अजून घट्ट बसलेले होते आणि प्रत्येक नटाभोवती काळ्या प्लास्टिकचं फुटकं कडं अडकून राहिलं होतं. स्क्रू निघाले नव्हते, नट तुटले नव्हते. ते नट ज्या प्लास्टिकच्या नळीत गरम करून बसवलेले असतात, ती नळीच मुळापासून उपटली गेली होती.

हे असं का होतं? स्क्रीन हवी त्या कोनात थांबावी म्हणून बिजागरी मुद्दाम घट्ट ठेवलेली असते. त्यातलं ग्रीस सुकलं, धूळ शिरली की ती आणखी घट्ट होते. आपण झाकण उघडतो तेव्हा तो सगळा जोर त्या तीनचार नळ्यांवर येतो. त्यात झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल, तर एकाच बाजूच्या बिजागरीला पीळ बसतो. बिजागरी स्वतः पोलादी असते, तिला काही होत नाही. हरतं ते तिला धरून ठेवणारं प्लास्टिक.

दुकानात बिजागरी अशी तपासा. लॅपटॉप टेबलावर ठेवून झाकण मधोमध एका बोटाने उचला. तळ किंचित उचलला गेला तर बिघडत नाही, पण अख्खा लॅपटॉप झाकणाबरोबर वर येत असेल तर बिजागरी फार घट्ट आहे. अर्धं उघडलेलं झाकण हलकेच पुढेमागे करा आणि कान द्या. कुरकुर किंवा टकटक ऐकू येता कामा नये. मग बिजागरीजवळ सी आणि डी पॅनल जिथे मिळतात, तिथली फट बघा. झाकण हलवताना ती फट उघडझाप करत असेल, तर तो नमुना घेऊ नका. डिस्प्लेला ठेवलेला लॅपटॉप दिवसभरात कितीतरी लोक उघडतात, त्यामुळे त्याची बिजागरी त्या मॉडेलचं भविष्यच सांगत असते. डिस्प्लेचा नमुना खिळखिळा असेल तर सीलबंद खोक्यातलाही पुढे तसाच होईल, असं धरून चाला.

वापरात असलेल्या लॅपटॉपची फट उघडू लागली, तर त्याच दिवशी झाकण हलवणं थांबवा. उघडं असेल तर उघडंच ठेवा आणि तसंच दुरुस्तीला न्या. या टप्प्यावर कारागीर बिजागरीचा नट थोडा सैल करतो, सुटलेला भाग इपॉक्सी गोंदाने पक्का करतो आणि काम थोडक्यात भागतं. तसंच रेटत राहिलात तर बिजागरीची पट्टी वर येऊन स्क्रीनची चौकट फोडते. स्क्रीनची केबलही बिजागरीजवळूनच जाते, तीही कापली जाते. मग खर्च पॅनलचा राहत नाही, स्क्रीनपर्यंत जातो. काकूंच्या मुलाची केबल वाचली होती. आम्ही फक्त सी पॅनल बदललं.

पायरी ४ : तुमचा लॅपटॉप दिवसभर कुठे फिरतो?

घरात टेबलावरच राहणार असेल तर बॉडीसाठी जास्त पैसे घालू नका. ते रॅमवर किंवा एसएसडीवर घाला. मजबूत सांगाड्याचा प्लास्टिकचा लॅपटॉप तुम्हाला व्यवस्थित पुरेल.

रोज लोकलने जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गर्दीत सॅक छातीशी धरली तरी चारी बाजूंनी दाब येतोच. पातळ प्लास्टिकचं झाकण तेव्हा आत दबतं आणि स्क्रीनच्या काचेवर भार जातो. ताठ 'ए' पॅनल इथे खरोखर उपयोगी पडतं, मग ते अ‍ॅल्युमिनियमचं असो, मॅग्नेशियमचं असो की कार्बन फायबरचं. पण त्याच कप्प्यात चार्जरचा ठोकळा किंवा जेवणाचा डबा ठेवलात तर धातूचं झाकणही हरेल. लॅपटॉपचा कप्पा त्याच्यासाठीच मोकळा ठेवा.

दुचाकीवर सॅक घेऊन फिरणाऱ्यांनी कोपऱ्यांची काळजी घ्यावी. लॅपटॉप सपाट पडणं दुर्मिळ, तो कोपऱ्यावरच पडतो. धातूच्या झाकणाचा कोपरा आत वळला की तिथेच काचेला टोचतो आणि तडा त्या कोपऱ्यातून सुरू होतो. प्लास्टिकचा कोपरा फुटतो, पण फुटताना धक्का थोडा गिळतो. सॅक घेताना लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन बोटं वर संपतो का ते बघा. सॅक जमिनीवर टेकवताना कोपऱ्यावर बसणारा मार त्यानेच वाचतो.

कोकण, मुंबई, गोव्याची हवा वेगळाच त्रास देते. काही लॅपटॉपांना मखमलीसारखा रबरी लेप दिलेला असतो. दमट हवेत काही वर्षांनी तो लेप चिकट होतो आणि हाताला लागतो. किनाऱ्यावर राहत असाल तर असा लेप असलेला लॅपटॉप टाळा. अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅनोडायझिंगचा कठीण थर असतो, तो बराच टिकतो. पण मनगट टेकतं तिथे घामाने बारीक ठिपके पडू शकतात. मॅग्नेशियमचा रंग जिथे उडाला, तिथे तो धातू दमट हवेत पांढुरका होऊन झडू लागतो, म्हणून तो चरा लगेच रंगवून बुजवा.

विदर्भात प्रश्न उन्हाचा. मॅकबुकसाठी अ‍ॅपल १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापर सुचवतं. नागपूरच्या मे महिन्यात पंख्याखाली बसूनही खोली याच्यावर जाते. धातूची बॉडी उष्णता पसरवते, म्हणून ती मांडीला जास्त चटका देते. याचा अर्थ आतला प्रोसेसर जास्त तापलाय असा नाही, फक्त ती उष्णता बाहेर येताना तुम्हाला जाणवते. प्लास्टिकमधून उष्णता फारच कमी वाहते, तिथे सगळी भिस्त पंख्यावर आणि जाळीवर असते. प्लास्टिकच्या लॅपटॉपची जाळी वर्षातून एकदा साफ करून घ्या आणि तो गादीवर ठेवून वापरू नका. लॅपटॉपच्या आतल्या उष्णतेने प्लास्टिक वितळत नाही. पण बंद गाडीत उन्हात तासन्‌तास ठेवाल, तर धातू असो की प्लास्टिक, आधी बॅटरी खराब होईल.

पायरी ५ : मेटल बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर

मेटल लॅपटॉप घेतलेल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाकडून ही तक्रार ऐकतो. चार्जिंग चालू असताना बॉडीवरून हलकेच बोट फिरवलं की थरथर जाणवते. लोक घाबरतात, लॅपटॉप बिघडला समजून परत करायला जातात.

होतं असं की अडॅप्टरमध्ये विजेचा गोंगाट कमी करण्यासाठी एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. त्यातून अगदी किंचित प्रवाह बॉडीकडे येतो. त्याला जमिनीत जायला आर्थिंगची वाट मिळाली तर तुम्हाला काहीच जाणवत नाही. अडॅप्टर दोन पिनांचा असेल, किंवा तीन पिनांचा असूनही घराच्या बोर्डात आर्थिंगची तार जोडलेलीच नसेल, तर तो प्रवाह तुमच्या बोटातून जातो. प्लास्टिकच्या लॅपटॉपमध्येही हे होतं, पण बॉडी विजेला वाट देत नाही म्हणून कळत नाही. यूएसबीच्या धातूच्या कडेला बोट लागलं तर तिथे जाणवेल.

चांगल्या, बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीच्या अडॅप्टरवर ही झिणझिण धोक्याची नसते. तरी तिकडे दुर्लक्ष करू नका, कारण तुमच्या घराचं आर्थिंग नाही हे ती सांगत असू शकते. फ्रीज आणि गिझर त्याच वायरिंगवर आहेत. इलेक्ट्रिशियनला बोलावून आर्थिंग तपासून घ्या. अडॅप्टरला तीन पिनांची केबल वापरा, आणि तिसरी पिन निकामी करणारे दोन पिनांचे कन्व्हर्टर फेकून द्या. नुसत्या झिणझिण्या नव्हे, जोराचा झटका बसला, तर मात्र तो अडॅप्टर त्या क्षणापासून वापरू नका.

पायरी ६ : 'मिलिटरी ग्रेड' शिक्क्याचा अर्थ

एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचणीचं मानक आहे. त्याची ८१०-एच ही आवृत्ती २०१९ ची. त्यातल्या एका चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटरवरून सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे अशी एकूण २६ वेळा पाडतात, आणि हे पाडणं एकाच नगावर न करता पाच नगांत वाटून घेता येतं. मानकात कितीतरी चाचण्या आहेत. त्यातल्या कोणत्या करायच्या ते कंपनी ठरवते आणि संरक्षण खातं कुणाला प्रमाणपत्र देत नाही. तेव्हा शिक्का बघून थांबू नका. कोणत्या चाचण्या केल्या ती यादी कंपनीने दिली आहे का, ते बघा. या शिक्क्याचे प्लास्टिकचे लॅपटॉपही भरपूर आहेत, आणि त्यांतले काही खरोखर दणकट आहेत.

पायरी ७ : मोडल्यावर काय, हे आधीच विचारा

इथे प्लास्टिकची बाजू वरचढ आहे. नेहमी विकल्या जाणाऱ्या मॉडेलांची ए ते डी पॅनलं बाजारात सुटी मिळतात आणि एका बैठकीत बदलून होतात. धातूच्या बऱ्याच लॅपटॉपांत कीबोर्ड सी पॅनलला रिव्हेट मारून बसवलेला असतो. कीबोर्डवर चहा सांडला की अख्खं पॅनल बदलावं लागतं. काहींत तर बॅटरीही त्यालाच चिकटवलेली असते.

वॉरंटीबद्दलचा गैरसमजही आत्ताच काढून टाका. तडा, पोचा, तुटलेली बिजागरी याला कंपन्या बहुतेक वेळा वापरकर्त्याने केलेलं नुकसान समजतात आणि साधी वॉरंटी ते भरून देत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि रोज प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी आणल्यावर

झाकण नेहमी मधोमध धरून उघडा. उघडा लॅपटॉप स्क्रीनला धरून उचलू नका. मेटल लॅपटॉपवर खटक्याचं कडक प्लास्टिक कव्हर घालायची हौस टाळा. त्याचं वजन झाकणावर पडून बिजागरीवर ताण येतो, आणि आत शिरलेली धूळ अ‍ॅनोडायझिंगवर चरे पाडते. पुसायला किंचित ओलं मऊ फडकं पुरेसं आहे. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकला अजिबात लावू नका, अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस चक्क विरघळतं. अ‍ॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा लागू देऊ नका, त्याने वरचा थर खाल्ला जातो. स्टिकरचा चिकटपणा खोबरेल तेलाच्या एका थेंबाने निघतो.

आणि एक खूण कायम लक्षात ठेवा. टचपॅड दाबायला अचानक जड जाऊ लागलं, किंवा तळ टेबलावर डुगडुगू लागला, तर बॉडीला दोष देण्याआधी बॅटरी फुगल्याची शंका घ्या. प्लास्टिकच्या लॅपटॉपमध्ये सांधे उकलतात म्हणून ते लवकर दिसतं. धातूची बॉडी ते बराच काळ दाबून धरते. अशा वेळी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, फुगलेला भाग हाताने दाबू नका आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या.